मोबाइल चालवणं वेगळं, मोबाइलवर विज्ञान शिकणं वेगळं

भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येऊन उभ्या वस्तूची सावली नाहीशी होते, तो शून्य सावली दिवस. नागपुरात तो कधी असतो, हे नववीतल्या दोन मुलांना मोबाइलवर शोधायला सांगून पाहा. एक जण 'शून्य सावली दिवस' एवढंच टाकेल, सगळ्यात वर आलेल्या बातमीतली १३ मे ही तारीख वहीत उतरवेल आणि मोकळा होईल. ती तारीख पुण्याची असते. दुसरी मुलगी तीच बातमी उघडेल, बातमी पुण्याची आहे हे तिच्या लक्षात येईल, मग शोधात 'नागपूर' हा शब्द घालून ती पुन्हा पाहील आणि २६ मेच्या आसपास पोहोचेल. फोन दोघांकडे सारखाच, नेटपॅक सारखाच, आणि विचारलं तर दोघंही सांगतील की आम्हाला मोबाइल चांगला येतो. तरी एकाच्या वहीत चुकीची तारीख आहे, आणि ती चुकली आहे असा संशय यायला त्याच्याकडे काही कारणही नाही.

या फरकाला डिजिटल साक्षरता म्हणतात. हल्ली पालकसभेपासून शिक्षक प्रशिक्षणापर्यंत सगळीकडे हा शब्द ऐकू येतो, पण बहुतेक वेळा त्याचा अर्थ 'मुलाला कॉम्प्युटर येतो का' इतकाच घेतला जातो. हा अर्थ फार तोकडा आहे, आणि त्या तोकडेपणाची किंमत मुलं मोजतात, असं माझं स्पष्ट मत आहे. ऑनलाइन विज्ञान शिकताना डिजिटल साक्षरतेमुळे यश नेमकं कुठे वाढतं, कुठे वाढत नाही आणि का, हे एकदा नीट समजून घेऊ.

त्या मुलीला १३ मे खटकली कशी, ते आधी पाहू. २१ मार्चच्या सुमारास सूर्य भर दुपारी विषुववृत्तावर बरोबर डोक्यावर असतो. त्यानंतर तो डोक्यावर येण्याची जागा रोज थोडी थोडी उत्तरेकडे सरकते आणि २१ जूनच्या सुमारास कर्कवृत्तापर्यंत, म्हणजे साधारण २३.५ अंश उत्तर अक्षांशापर्यंत पोहोचते. पुणे १८.५ अंशांवर, मुंबई १९ अंशांवर, नागपूर २१.१५ अंशांवर. म्हणून आधी पुणे, मग मुंबई, मग नागपूर. भोपाळचा नंबर जूनमध्ये लागतो आणि दिल्ली कर्कवृत्ताच्या पलीकडे असल्याने तिथे शून्य सावली कधीच पडत नाही. हे ज्या मुलीला ठाऊक आहे, तिला पुण्याची तारीख नागपूरला लागू होणार नाही हे लगेच कळतं. म्हणजे तिच्या शोधाला तिच्या विज्ञानाने मदत केली. आणि शोध नीट झाल्यामुळे पुढे तिला आणखी एक गोष्ट कळेल: नागपुरात ही घटना बरोबर बाराला घडत नाही, बारा वाजून दहा मिनिटांच्या सुमारास घडते, कारण आपलं घड्याळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाच्या वेळेवर चालतं आणि नागपूर त्याच्या पश्चिमेला ७९ अंशांवर आहे. इथे तिच्या विज्ञानाला शोधाने मदत केली. डिजिटल साक्षरता आणि विषयाचं ज्ञान यांचं असं दोन्ही बाजूंनी देणंघेणं चालतं. पुढचं सगळं समजायला ही एक गोष्ट ध्यानात ठेवली तरी पुरे.

येतं म्हणजे नेमकं काय येतं?

डिजिटल साक्षरता ही संज्ञा रूढ झाली १९९७ च्या सुमारास, पॉल गिल्स्टर या अमेरिकी लेखकामुळे. इंटरनेट तेव्हा बहुतेकांना नवीन होतं, तरी त्यांचा भर बटणं दाबण्यावर नव्हता. समोर आलेल्या माहितीचा अर्थ लावणं आणि तिची पारख करणं, हा त्यांच्या मांडणीचा गाभा होता. पंचवीसेक वर्षांत यंत्रं पार बदलली, पण तो गाभा बदललेला नाही. आज या साक्षरतेत साधारणपणे यंत्र हाताळणं, हवं ते शोधणं, सापडलेलं खरं की खोटं ते तपासणं, आलेख, चित्रं आणि व्हिडिओ 'वाचणं', स्वतः काही तयार करून पाठवणं, आणि स्क्रीनसमोरच्या आपल्या वेळेवर लक्ष ठेवणं, एवढ्या गोष्टी धरतात. सुरक्षितपणे वावरणंही त्यात येतंच, पण त्यावर बरंच लिहिलं जातं, म्हणून इथे ते बाजूला ठेवतो.

आपल्याकडे यातलं पहिलं कौशल्य झपाट्याने पसरलं. 'असर' या सर्वेक्षणाने २०२३ मध्ये २६ राज्यांतल्या २८ जिल्ह्यांत, ग्रामीण भागातल्या १४ ते १८ वर्षांच्या मुलामुलींना भेटून पाहणी केली. जवळपास ९० टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन होता आणि तो वापरता येतो असं तितक्याच मुलांनी सांगितलं. मग पाहणी करणाऱ्यांनी नुसतं विचारून न थांबता, ज्यांना फोन आणता आला त्या मुलांना प्रत्यक्ष कामं दिली. यूट्यूबवर सांगितलेला व्हिडिओ शोधणं जवळपास ८० टक्के मुलांना जमलं. एखाद्या प्रश्नाचं उत्तर इंटरनेटवर शोधून काढणं सुमारे ७० टक्क्यांना जमलं. नकाशाच्या अ‍ॅपवर एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जायला किती वेळ लागेल हे शोधणं मात्र एक तृतीयांशापेक्षा थोड्याच जास्त मुलांना जमलं. 'येतं' असं सांगणारी मुलं खोटं बोलत नव्हती. त्यांना जे रोज लागतं ते येत होतं, आणि अभ्यासाला जे लागतं ते वेगळं होतं.

त्याच पाहणीतला एक आकडा मला सगळ्यात जास्त बोचतो. ज्यांना स्मार्टफोन वापरता येतो त्यांच्यापैकी ४३.७ टक्के मुलग्यांकडे स्वतःचा फोन होता, मुलींमध्ये हे प्रमाण फक्त १९.८ टक्के होतं. दिलेल्या कामांतही मुली मागे पडल्या. बुद्धी कमी म्हणून नव्हे. दादाचा किंवा बाबांचा फोन मिळेल तेव्हा, मिळेल तितकाच वेळ वापरायचा, तर त्यात चुकतमाकत शिकायला फुरसत कुठून येणार? आणि ही कौशल्यं चुकतमाकतच येतात.

फोन आणि कॉम्प्युटर यांतलं अंतरही विसरून चालत नाही. २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणात देशातल्या ग्रामीण घरांपैकी ४.४ टक्के घरांत आणि शहरी घरांपैकी २३.४ टक्के घरांत कॉम्प्युटर होता. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा देश साधारण या स्थितीत होता. नागपूरसारख्या शहरातही असंख्य मुलांचं ऑनलाइन शिक्षण पाच-सहा इंचांच्या काचेवर झालं. त्या काचेवर एका बाजूला प्रयोग आणि दुसऱ्या बाजूला प्रश्नपत्रिका अशी मांडामांड करता येत नाही. एक उघडायचं तर दुसरं झाकायचं, आणि मधल्या वेळेत आकडा डोक्यात धरून ठेवायचा. हा डोक्यात धरून ठेवण्याचा मुद्दा विज्ञानाच्या बाबतीत फार महत्त्वाचा आहे.

विज्ञान शिकताना डोक्यावर पडणारा भार

माणूस एका वेळी फार थोड्या नव्या गोष्टी मनात धरून त्यांवर काम करू शकतो. मानसशास्त्रात याला कार्यकारी स्मृती म्हणतात. तिची मर्यादा साधारण चार गोष्टींची मानली जाते. जॉन स्वेलर या ऑस्ट्रेलियन संशोधकाने १९८८ पासून याच आधारावर बोधनभाराचा सिद्धांत मांडला: शिकताना ही जागा विषयाव्यतिरिक्त भलत्याच कामांनी अडली, तर विषयाला जागा उरत नाही. स्वयंपाकघरातला ओटा लहान असेल आणि त्यावर आधीच डबे-भांडी पसरलेली असतील, तर पोळपाट ठेवायला जागा राहत नाही, तसंच हे.

आता दहावीचा 'प्रकाशाचे अपवर्तन' हा धडा ऑनलाइन शिकणारं मूल डोळ्यांसमोर आणा. तिथे किरणाकृती असते, सूत्र असतं, कोनांची सारणी असते आणि व्हिडिओत बोलणाऱ्या मॅडमचा आवाज असतो. एकच संकल्पना चार रूपांत येते आणि ही चार रूपं एकमेकांशी जुळवणं हेच विज्ञानातलं खरं शिकणं असतं. ज्याला व्हिडिओ थांबवून मागे न्यायचा, आकृती मोठी करून पाहायची, पीडीएफमधलं नेमकं पान काढायचं हे सहज जमतं, त्याची सगळी मनाची जागा अपवर्तनासाठी मोकळी असते. ज्याला प्रत्येक पायरीवर 'आता कुठे दाबू' असा प्रश्न पडतो, त्याची निम्मी जागा त्यातच जाते. तास संपतो तेव्हा दोघांनीही धडा 'पाहिलेला' असतो.

म्हणून डिजिटल साक्षरतेचा पहिला फायदा अगदी साधा आहे: ती अडथळा दूर करते. पण इथे एक मर्यादाही दडलेली आहे. हात सरावले की हा फायदा संपतो. व्हिडिओ थांबवायला शिकलेल्या मुलाला त्याच कामात आणखी तरबेज करून अपवर्तन जास्त कळणार नाही. पुढचा फायदा हवा असेल तर वरच्या पायरीची कौशल्यं लागतात, आणि आपल्या शाळांतले कॉम्प्युटरचे तास बहुतेक वेळा पहिल्या पायरीवरच थांबतात. फाइल सेव्ह करा, फॉन्ट बदला, रंग भरा. वर्षानुवर्षं तेच.

स्क्रीनवरचा प्रयोग

विज्ञान इतर विषयांहून वेगळं ठरतं ते प्रयोगामुळे. ऑनलाइन शिक्षणात प्रयोगाची जागा सिम्युलेशन घेतं, म्हणजे स्क्रीनवरचा असा प्रयोग ज्यात आपण काही बदललं की परिणामही बदलतो. अमेरिकेतल्या कोलोरॅडो बोल्डर विद्यापीठाचा 'फेट' हा प्रकल्प यात सर्वांत प्रसिद्ध. २००१ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालेले कार्ल वीमन यांनी तो २००२ मध्ये सुरू केला. त्याची सिम्युलेशन्स फुकट आहेत, त्यांतली बरीच मराठीत आहेत आणि एकदा उतरवून घेतली की नेटशिवाय चालतात. आपल्याकडे सी-डॅक आणि अमृता विश्वविद्यापीठम यांनी मिळून शाळांसाठी 'ओलॅब्स' ही आभासी प्रयोगशाळा तयार केली आहे.

फेटमधला ओहमच्या नियमाचा प्रयोग घेऊ. नववीच्या 'धाराविद्युत' धड्याशी तो थेट जुळतो. स्क्रीनवर दोन सरकपट्ट्या दिसतात, एक विभवांतराची (व्होल्टेजची) आणि एक रोधाची (रेझिस्टन्सची). विद्युतधारा किती, ते आपोआप दिसतं. समजा एका मुलाने विभवांतर ३ व्होल्ट आणि रोध ५०० ओहम ठेवला. धारा येईल ६ मिलिअँपिअर. मग त्याने विभवांतर ६ व्होल्ट केलं आणि सहज गंमत म्हणून रोधही १००० ओहमवर नेला. धारा पुन्हा ६ मिलिअँपिअर. या मुलाने प्रामाणिकपणे निष्कर्ष काढला की विभवांतर दुप्पट केलं तरी धारा बदलत नाही. प्रयोग झाला, आकडे बरोबर आले, आणि मूल आधी होतं त्याहून मागे गेलं.

रोध ५०० वरच ठेवून त्याने फक्त विभवांतर ६ केलं असतं, तर धारा १२ झाली असती आणि 'रोध तोच असेल तर विभवांतर दुप्पट केल्यावर धाराही दुप्पट' हा नियम त्याच्यासमोर उभा राहिला असता. एका वेळी एकच राशी बदलायची, बाकीच्या स्थिर ठेवायच्या, ही वैज्ञानिक पद्धतीची पहिली शिस्त. शाळेतल्या खऱ्या प्रयोगशाळेत ती शिस्त मुकाट्याने सांभाळली जाते, कारण साहित्यच मोजकं असतं आणि सर शेजारी उभे असतात. स्क्रीनवर सगळ्या सरकपट्ट्या एकाच वेळी मोकळ्या असतात. सिम्युलेशनमधून स्वतः शोधत शिकताना मुलं नेमकी कुठे अडतात, याचा आढावा नेदरलँड्समधले टोन दे योंग आणि वाउटर फान योलिंगेन यांनी १९९८ मध्ये घेतला. अंदाज बांधता न येणं, एकाच वेळी अनेक गोष्टी बदलणं आणि आलेख वाचता न येणं, याच अडचणी त्यात पुन्हा पुन्हा दिसल्या. यांतल्या कुठल्याही अडचणीवर 'माउस नीट धरा' हा उपाय नाही.

पण नीट आखून दिलेलं सिम्युलेशन काय करू शकतं, तेही पाहा. २००५ मध्ये कोलोरॅडो विद्यापीठातल्याच भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्यांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. एका गटाने खऱ्या तारा, बल्ब, बॅटऱ्या वापरून परिपथ जोडले, दुसऱ्याने सिम्युलेशनमध्ये. नंतर दोघांना खरे परिपथ जोडायला दिले तेव्हा सिम्युलेशनवर शिकलेला गट सरस ठरला, संकल्पनांच्या प्रश्नांतही आणि जोडणीतही. याचं एक कारण असं सांगता येतं की सिम्युलेशनमध्ये तारेतून वाहणारे इलेक्ट्रॉन दिसतात, खऱ्या तारेत दिसत नाहीत, आणि तिथे सैल जोडणी किंवा मेलेला सेल यांसारखी भलतीच भानगडही आड येत नाही. मात्र त्या विद्यार्थ्यांच्या हातात काय करायचं ते सांगणारी कृतिपत्रिका होती आणि मदतीला शिक्षक होते. लिंक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकून 'करून पाहा' म्हणण्याशी त्या अभ्यासाचा काही संबंध नाही.

मला स्वतःला खऱ्या उपकरणाची ओढ आहे, आणि तापलेल्या निक्रोमच्या तारेचा वास स्क्रीन देऊ शकत नाही हेही खरं. तरी जिथे खरा प्रयोग शक्यच नाही तिथे हट्ट कशाला? शून्य सावलीचंच बघा. विदर्भात उन्हामुळे शाळा जूनच्या अखेरीस उघडतात, म्हणजे २६ मे भर सुट्टीत येतो. सूर्य परतताना १७ जुलैच्या आसपास पुन्हा नागपूरच्या डोक्यावर येतो, पण तेव्हा आभाळ भरलेलं असतं. वर्गाला एकत्र उभं राहून सावली पाहण्याची संधी जवळपास मिळतच नाही. 'स्टेलॅरियम' या फुकट मिळणाऱ्या तारांगणाच्या सॉफ्टवेअरमध्ये मात्र जागा नागपूर ठेवायची, तारीख एकेक दिवस पुढे सरकवायची आणि दुपारच्या सूर्याची उंची वहीत मांडत जायची. आलेख काढला की तो ९० अंशांना दोनदा शिवतो. हा पाऊण तासाचा तास आहे, आणि त्यात भूगोल, गणित, विज्ञान आणि डिजिटल साक्षरता एकमेकांत इतकी मिसळलेली आहे की वेगळी काढता येणार नाही.

कोण सांगतंय आणि का सांगतंय

शोधलेली माहिती तपासणं हे मुलांनाच काय, मोठ्यांनाही जमत नाही, याचा पुरावा अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी दिला. २०१९ मध्ये त्यांनी हायस्कूलच्या ३,४४६ विद्यार्थ्यांच्या चाचणीचे निष्कर्ष मांडले. एका कामात हवामानबदलावर लिहिणारं एक संकेतस्थळ दिलं होतं आणि ते विश्वासार्ह आहे का, असं विचारलं होतं. इंटरनेटवर हवं ते शोधायची पूर्ण मुभा होती. त्या संकेतस्थळामागच्या संस्थेचे खनिज इंधनांच्या उद्योगाशी संबंध होते. ९६ टक्के विद्यार्थ्यांनी या संबंधामुळे विश्वासार्हता कमी होऊ शकते हे विचारातच घेतलं नाही. पान देखणं आहे, आलेख आहेत, 'आमच्याविषयी' या पानावर चांगलं लिहिलंय, एवढ्यावर त्यांनी विश्वास ठेवला.

त्याच विद्यापीठातल्या आधीच्या एका अभ्यासात इतिहासाचे पीएचडी झालेले अभ्यासक, विद्यापीठातले विद्यार्थी आणि वृत्तसंस्थांसाठी तथ्य तपासणारे व्यावसायिक यांना सारखीच संकेतस्थळं दाखवली होती. इतिहासाचे अभ्यासकही फसले. तथ्य तपासणारे बहुतेक वेळा झटपट बरोबर उत्तराला पोहोचले, आणि त्यांची पद्धत अगदी सोपी होती. ते त्या पानावर रेंगाळतच नव्हते. लगेच नवीन टॅब उघडून 'ही संस्था कोणाची, पैसा कोणाचा, इतर लोक तिच्याविषयी काय म्हणतात' हे शोधत होते. ही सवय दहावीच्या मुलाला दोन-चार तासांत शिकवता येते.

आपल्या भागातलं उदाहरण घेऊ. कोराडी आणि खापरखेड्याची औष्णिक वीजकेंद्रं नागपूरच्या उशाशी आहेत, त्यामुळे 'कोळशाच्या राखेचं काय करायचं' हा विज्ञान प्रकल्पासाठी आपल्या मातीतला विषय आहे. मूल शोधायला बसलं की त्याला राखेच्या विटा विकणाऱ्याचं पान दिसेल, राखेच्या त्रासाची बातमी दिसेल, शासनाची अधिसूचना दिसेल, नीरीसारख्या पर्यावरण संशोधन संस्थेतलं संशोधन दिसेल, आणि कोणी तरी ढकललेला संदेशही दिसेल. यांतलं एक खरं आणि बाकीचं खोटं असं सरळ नसतं. विटा विकणारा राखेचे गुण सांगतो ते बरोबरही असू शकतात, फक्त तो तोटे सांगणार नाही. हे ओळखून प्रत्येकाकडून काय घ्यायचं ते ठरवणं, आणि प्रकल्पात 'हे कुठून घेतलं' ते लिहिणं, याला मी विज्ञानाचाच अभ्यास मानतो.

संवाद साधणाऱ्या एआय अ‍ॅपमुळे ही गरज वाढली आहे. तिथे उत्तर कोणाच्या नावावर आहे हेच अनेकदा दिसत नाही, भाषा मात्र ठाम आणि सफाईदार असते. मुलांनी ते वापरू नये असं मी म्हणणार नाही. पण उत्तर बरोबर असेल तर त्याचा पडताळा कुठल्या पुस्तकात, कुठल्या गणितात किंवा कुठल्या प्रयोगात घेता येईल, हे मुलाला सांगता आलं पाहिजे.

आकड्यांचा अर्थ लावताना

डिजिटल साक्षरता जास्त तर गुण जास्त, असा संबंध जगभरातल्या अनेक अभ्यासांत दिसतो. तो साधारणपणे लहान ते मध्यम असतो. म्हणजे किती? दोन गोष्टी किती जोडीने बदलतात याचं माप म्हणजे सहसंबंध; काहीच संबंध नसेल तर तो ०, पूर्ण जुळल्या तर १. समजा तो ०.३ आला. त्याचा वर्ग ०.०९. याचा अर्थ मुलामुलांच्या गुणांत जे फरक दिसतात, त्यांतला फक्त ९ टक्के भाग डिजिटल साक्षरतेतल्या फरकाशी जोडता येतो. उरलेला ९१ टक्के इतर गोष्टींचा. पायाभूत वाचन, गणित, शिक्षक, घर, झोप, आवड, सगळं त्यात आलं. 'टॅब घ्या, गुण वाढवा' अशी जाहिरात दिसली की हा हिशेब आठवावा.

दुसरी गोष्ट, संबंध दिसला म्हणजे कारण सापडलं असं होत नाही. ज्या घरात लॅपटॉप आहे त्या घरात बहुधा अभ्यासाला वेगळी खोली असते, पुस्तकं असतात, विचारलेल्या प्रश्नाला उत्तर देणारं कोणी तरी असतं. त्या मुलाची डिजिटल साक्षरताही चांगली आणि विज्ञानाचे गुणही चांगले, पण दोन्हींच्या मुळाशी घरची परिस्थिती असू शकते. बाण उलटाही असू शकतो: विज्ञानाची गोडी असलेलं मूल जास्त शोधाशोध करतं आणि त्यातून त्याची डिजिटल कौशल्यं वाढतात. शिवाय पुष्कळ अभ्यासांत साक्षरता मोजतात ती मुलांनाच विचारून, 'तुम्हाला हे कितपत जमतं?' असं. माणूस स्वतःला जितकं येतं असं समजतो आणि त्याला प्रत्यक्षात जितकं येतं, यांत अंतर असतं. म्हणून कुठलाही आकडा समोर आला की मुलांना काम देऊन मोजलं की नुसतं विचारून, हे मी आधी पाहतो.

नुसती यंत्रं वाढवून काही होत नाही, याचा मोठा पुरावा ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या २०१५ च्या अहवालात आहे. शाळांत कॉम्प्युटरवर भरपूर खर्च केलेल्या देशांच्या विद्यार्थ्यांची वाचन, गणित आणि विज्ञान यांतली कामगिरी लक्षणीय सुधारलेली दिसली नाही. शाळेत कॉम्प्युटर माफक वापरणारी मुलं अगदी क्वचित वापरणाऱ्यांपेक्षा काहीशी पुढे होती, पण फार जास्त वापरणारी बरीच मागे होती, घरची परिस्थिती हिशेबात धरल्यावरही. हा अहवाल येण्याआधी आणि नंतरही आपल्याकडे टॅब वाटपाचे समारंभ होत राहिले. त्या टॅबवर मूल काय करणार, हा प्रश्न क्वचितच विचारला गेला.

मग करायचं काय

माझं म्हणणं असं की डिजिटल साक्षरतेचा वेगळा तास घेण्यापेक्षा ती विज्ञानाच्या तासात शिकवावी. शून्य सावलीच्या उदाहरणात दिसलं तसं विषयाचं ज्ञान आणि ही साक्षरता एकमेकांना धरून वाढतात, त्यामुळे हवेत शिकवलेली 'माहिती तपासण्याची कौशल्यं' फार काळ टिकत नाहीत. नववीच्या विज्ञानाच्या पुस्तकात माहिती संप्रेषण तंत्रज्ञानावर एक धडा आहेच. तो घोकून संपवण्याऐवजी त्याच वर्षीच्या धाराविद्युतच्या प्रयोगाची निरीक्षणं स्प्रेडशीटमध्ये भरून विभवांतर आणि धारेचा आलेख काढला, तर दोन्ही धडे एकदम होतात.

शिक्षकांसाठी सगळ्यात उपयोगी बदल कृतिपत्रिकेत आहे. सिम्युलेशनची लिंक देताना तीन ओळी जास्त लिहाव्यात: आधी तुमचा अंदाज लिहा, मग एकच राशी बदलून पाच नोंदी घ्या, मग अंदाज आणि नोंदी जुळल्या का ते सांगा. लिंकऐवजी उतरवून ठेवलेली फाइल दिली तर रेंज नसलेल्या गावातलं मूलही मागे राहत नाही. रामटेक, पारशिवनीकडच्या जंगलालगतच्या गावांत शिकवणाऱ्या शिक्षकांना हे वेगळं सांगायची गरज नाही. बालभारतीची पुस्तकं पीडीएफ स्वरूपात फुकट मिळतात आणि पुस्तकावरचा क्यूआर कोड दीक्षा अ‍ॅपमध्ये स्कॅन केला की धड्याशी जोडलेलं साहित्य उघडतं. अनेक घरांत हा कोड एकदाही स्कॅन झालेला नसतो. पालकसभेत दहा मिनिटं काढून तो सगळ्यांसमोर करून दाखवावा.

मराठी माध्यमाच्या मुलांसाठी एक व्यावहारिक सूचना. मराठीत शोधल्यावर विज्ञानाचं साहित्य कमी सापडतं, आणि सापडतं त्यातलं बरंच कामचलाऊ असतं. बालभारतीच्या पुस्तकात संज्ञेजवळ इंग्रजी शब्द दिलेला असतो. शोधताना तोही टाकावा, आलेल्या पानावरची आकृती आणि सूत्र आपल्या पुस्तकाशी ताडून पाहावं, आणि समजलेलं मराठीत आपल्या शब्दांत लिहावं. आकृती आणि सूत्रं सगळीकडे सारखीच असतात, त्यामुळे इंग्रजी कच्चं असलेलं मूलही यात अडत नाही.

गांधीसागर तलावाजवळचं रामन विज्ञान केंद्र १९९२ पासून आपल्या शहरात आहे आणि १९९७ पासून तिथे तारांगणही आहे. सहल नेण्याआधी मुलांनी तिथल्या एका उपकरणाविषयी शोधून यावं, तिथे ते हाताळावं आणि परत आल्यावर वाचलेलं आणि पाहिलेलं यांत काय फरक निघाला ते लिहावं. सेल्फी काढून परतणाऱ्या सहलीपेक्षा हे कितीतरी जास्त शिकवेल.

आणि घरी? मुलगी आठवी-नववीत असेल आणि घरात एकच फोन असेल, तर रोजची एक ठरलेली वेळ तो फोन तिचा. 'काय करतेस' म्हणून हिसकावून घेऊ नका, शेजारी बसा आणि विचारा, 'हे कुठून कळलं तुला? दुसरीकडे कुठे असंच लिहिलंय का?' पालकांना विज्ञान येत नसलं तरी हे दोन प्रश्न विचारता येतात. दर आठवड्याला एक छोटं काम द्या: उद्याचं नागपूरचं कमाल तापमान दोन ठिकाणी पाहायचं, दोन्ही आकडे वहीत लिहायचे, परवा खरं तापमान किती होतं ते भारतीय हवामान विभागाच्या पानावर बघून शेजारी मांडायचं. महिनाभराच्या नोंदी जमल्या की कोणाचा अंदाज किती अंशांनी चुकतो, त्याची सरासरी तिलाच काढू द्या.